एकसष्टाचे ज्येष्ठ मूळ

पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना ‘परार्ध’ हा शब्द आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानांवरून शेकडो वेळा गेलेला असतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे पहिले अर्ध सरले, दुसरे चालू आहे, असे पुरोहित उच्चारतात. पळीभर पाणी हातावरून ताम्हनात पडते आणि आपण पुढील उपचाराकडे वळतो. या शब्दाला गणितात दुसराही एक अर्थ आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र अशा दशगुणोत्तर चढत जाणाऱ्या स्थानांची नावे दिली आहेत, त्यांतील अठरावे व शेवटचे नाव परार्ध. एकावर सतरा शून्ये मांडली म्हणजे परार्ध होतो. एवढ्या मोठ्या संख्येचे काम मनुष्याला कशाला पडणार, ही नावे पूर्वजांनी केवळ हौसेने रचून ठेवली असतील, असे पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. आणि खरे सांगावयाचे तर मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

परंतु याच आचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात एक लहानसे उदाहरण घातले आहे. त्याचे उत्तर कागदावर पडताळून पाहू लागले की परार्धाचे स्थानही अपुरे पडते. त्या उत्तराची कथा येथे सांगण्याचा विचार आहे.

उदाहरण असे आहे. अशी कोणती पूर्ण संख्या आहे की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा? प्रश्न समजण्यास मराठी चौथी-पाचवीचे गणित पुरे. ६१ च्या ऐवजी ६० घेतले, तर उत्तर सहज सापडते: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात १ मिळवून ९६१, आणि हा ३१ चा वर्ग. ६२ घेतले, तरी फारसे कष्ट नाहीत: ८ चा वर्ग ६४, त्याची बासष्टपट ३,९६८, एक मिळवून ३,९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ घेतले तर नुसत्या १ वरच काम भागते, कारण ६३ आणि १ मिळून ६४. तेव्हा ६१ चे उत्तरही असेच चाळीस-पन्नासांच्या घरात कोठेतरी असेल, असे समजून कोणी बसला तर त्याची फसगत होते. दहा, वीस, शंभर, हजार, लाख, कोटी अशा सर्व संख्या एकेक करून तपासल्या तरी वर्ग जुळत नाही. जी पहिली संख्या जुळते ती २२,६१,५३,९८० ही आहे. आणि तिच्या वर्गाची एकसष्टपट करून एक मिळवला असता ज्या संख्येचा वर्ग येतो ती संख्या म्हणजे १,७६,६३,१९,०४९ — एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

आपल्या गणितशास्त्राच्या परिभाषेत या प्रकारच्या प्रश्नाला वर्गप्रकृती म्हणतात. ज्या संख्येने गुणावयाचे ती ६१ ही प्रकृती, जो एक मिळवावयाचा तो क्षेप, लहान संख्या ती कनिष्ठ मूळ आणि मोठी ती ज्येष्ठ मूळ. जणू एका घरातील धाकटा व थोरला. आमच्या कथेचा नायक हा थोरला.

ज्येष्ठ मुळाचा वर्ग मी एकदा अग्रशाळेच्या ओसरीवर बसून पाटीवर केला. दोनदा हातचा चुकला. तिसऱ्या वेळी उत्तर जुळले. तो वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ एवढा येतो. अंक मोजावेत: एकोणीस भरतात. परार्धाचे अंक अठराच. म्हणजे हा वर्ग एकतीस परार्धांहूनही मोठा आहे. कनिष्ठ मुळाचा वर्ग ५११४५६२२६६९८४०४०० ; त्याची एकसष्टपट केली की वरच्याच संख्येहून बरोबर एकाने कमी अशी संख्या येते. एकतीस परार्धांच्या राशीत एकाचाही फरक नाही, आणि हे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी धूळपाटीवर बोटाने अंक लिहून व पुसून केलेले काम आहे.

ही संख्या नुसती मोठी असती तर तिचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. मोठी संख्या कोणीही लिहू शकतो. शून्ये वाढवीत गेले की झाले. हिची घडणच विलक्षण आहे. तिच्यातून एक वजा करून निम्मे करावे: ८८,३१,५९,५२४ येतात, आणि हा २९,७१८ चा पूर्ण वर्ग आहे. आता तिच्यात एक मिळवून निम्मे करावे: ८८,३१,५९,५२५ येतात, आणि ही ३,८०५ च्या वर्गाची बरोबर एकसष्टपट आहे. एका बाजूला शुद्ध वर्ग, दुसऱ्या बाजूला एकसष्टाने गुणलेला वर्ग, आणि त्या दोन शेजाऱ्यांमध्ये केवळ एकाचे अंतर. आमचे ज्येष्ठ मूळ ही या दोघांची बेरीज. आणखी एक गुण असा की, ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले असता ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि ते इतके सूक्ष्म की दशांशचिन्हानंतरची सतरा स्थळे बिनचूक येतात. फरक पडतो तो अठराव्या स्थळी. वर्गमूळ पूर्ण सुटत नाही अशा संख्येचे मूळ आसन्न रीतीने काढण्यासाठी याहून चांगले साधन जुन्या जगात नव्हते. शिवाय, शंभराच्या आतील दुसऱ्या कोणत्याही प्रकृतीचे लहानात लहान उत्तर एवढे मोठे होत नाही. तेव्हा भास्कराचार्यांनी उदाहरणासाठी ६१ हीच संख्या सहज बोट ठेवून निवडली असेल, असे म्हणवत नाही. घाटातील सर्वांत अवघड वळण कोणते, हे त्या वाटेने पुष्कळदा गेलेल्यालाच ठाऊक असते.

मग हे उत्तर त्यांनी काढले कसे? एकेक संख्या तपासून निश्चितच नव्हे. एक संख्या तपासण्यास एकच मिनिट लागते असे धरून कोणी रात्रंदिवस न थांबता बसला, तर २२ कोटी ६१ लाखांच्या पलीकडील त्या कनिष्ठ मुळापर्यंत पोहोचण्यास त्याला चारशे तीस वर्षे लागतील. आचार्यांच्या ग्रंथात हे गणित अवघ्या चार-पाच पायऱ्यांत संपते.

पहिली गुरुकिल्ली ब्रह्मगुप्ताची. भिल्लमालच्या या गणित्याने शके ५५० मध्ये, म्हणजे इ. स. ६२८ साली, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात भावना नावाची रीत आहे. एका प्रकृतीची दोन अपुरी उत्तरे हाती असली, म्हणजे ज्यांत क्षेप एक न येता दुसराच काही येतो अशी, तर त्यांना एकमेकांशी विशिष्ट प्रकारे गुणून तिसरे उत्तर तयार करता येते. एकाचे कनिष्ठ व दुसऱ्याचे ज्येष्ठ असे तिरके गुणाकार करून मिळवावेत, ते नवे कनिष्ठ. ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतीपट मिळवावी, ते नवे ज्येष्ठ. आणि क्षेपांचा गुणाकार तो नवा क्षेप. दोन अपुऱ्यांच्या संयोगातून पुऱ्याकडे जाण्याचा हा मार्ग आहे. ९२ या प्रकृतीचे उदाहरण जो वर्षाच्या आत सोडवील तोच गणक, असे ब्रह्मगुप्ताने म्हटले आहे. त्याचे उत्तर कनिष्ठ १२० व ज्येष्ठ १,१५१. हे वाचताना गुरूच्या ओठांवरील मिस्कील हसू दिसल्यासारखे होते, कारण ज्याला भावना येते त्याला वर्ष नव्हे, घटकाभरही पुरे.

परंतु भावना चालण्यास सोयीचा क्षेप हाती लागावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी लागेलच असे नाही. येथे दुसरी गुरुकिल्ली येते, ती चक्रवाल. चाक फिरावे तसे एका उत्तरापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे जायचे आणि क्षेप लहान ठेवीत ठेवीत शेवटी एकावर यायचे, असा तिचा प्रकार. एकसष्टाचेच पाहू. ८ चा वर्ग ६४, आणि तो ६१ हून ३ ने मोठा. म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३, येथून आरंभ. आता असा गुणक शोधावयाचा की तो ज्येष्ठात मिळवला असता बेरजेला क्षेपाने, म्हणजे तिनाने, नि:शेष भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळपास असावा. ७ हा तसा गुणक आहे: ७ आणि ८ पंधरा, भागिले तीन, नवे कनिष्ठ ५. सातांचा वर्ग ४९, तो ६१ हून १२ ने कमी. १२ भागिले ३ म्हणजे नवा क्षेप ऋण ४. नवे ज्येष्ठ ३९. पडताळा असा: ३९ चा वर्ग १,५२१; ५ चा वर्ग २५, त्याची एकसष्टपट १,५२५; वजाबाकी ऋण चार. चाकाचा एकच फेरा झाला आणि ब्रह्मगुप्ताच्या हद्दीत आपण येऊन पोहोचलो. ऋण चारावरून एकावर कसे यावे, हे त्याने आधीच सांगून ठेवले होते.

पुढचे सगळे भावनेचे काम. दोन्ही मुळे निम्मी केली की क्षेप ऋण एक होतो. मुळे मात्र अपूर्णांकात जातात, साडेएकोणीस आणि अडीच. आचार्य त्याने बिचकत नाहीत. ही जोडी तिच्याशीच गुणली की ज्येष्ठ १,५२३ चे निम्मे आणि कनिष्ठ १९५ चे निम्मे येते, व क्षेप धन एक. क्षेप हवा तो मिळाला, पण मुळे अद्याप पूर्णांक नाहीत. मग ही जोडी पहिल्या निम्म्या जोडीशी गुणावयाची: अपूर्णांक गळून पडतात आणि कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८ हाती येतात, क्षेप ऋण एक. आणखी एकदा हीच जोडी स्वतःशी गुणली की ऋणाचे धन होते आणि आमची १,७६,६३,१९,०४९ ही संख्या उभी राहते. सबंध गणित वहीच्या एका पानावर मावते. वाचकांपैकी ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा नाही त्यांनी हे अवश्य करून पाहावे. या उदाहरणाचा आनंद ऐकण्यात फार थोडा आणि करण्यात फार आहे.

चक्रवाल ही भास्कराचार्यांचीच निर्मिती, असे दीर्घकाळ समजले जात होते. ते स्वतः तसे म्हणत नाहीत. या रीतीला चक्रवाल असे नाव दिले गेले आहे, अशा धाटणीने ते पूर्वसूरींचे ऋण मान्य करतात. हे पूर्वसूरी कोण, याचा उलगडा १९५४ साली लखनौचे संशोधक डॉ. कृपाशंकर शुक्ल यांनी केला. इ. स. १०७३ मध्ये उदयदिवाकराने लिहिलेल्या ‘सुंदरी’ या टीकेत जयदेव नावाच्या आचार्याचे श्लोक त्यांना सापडले, आणि त्यांत ही रीत सांगितलेली होती. हा जयदेव ‘गीतगोविंद’कार नव्हे. त्याच्या चरित्रातील काहीही आपल्यापर्यंत आलेले नाही; श्लोक मात्र आले. असे असले तरी भास्कराचार्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. रीत हाती असणे वेगळे, आणि ती कोणत्या संख्येवर लावली असता तिचे सगळे तेज प्रकट होईल हे ओळखणे वेगळे.

आता पाचशे वर्षे पुढे आणि पाच हजार मैल पश्चिमेस जाऊ. १६५७ साली फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फेर्मा याने युरोपातील गणित्यांना एक आव्हान दिले. प्रश्न वर्गप्रकृतीचाच होता. आपला देशबंधू फ्रेनिक्ल याला लिहिताना त्याने नमुन्यादाखल दोन संख्या सुचविल्या, एक ६१ आणि दुसरी १०९. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या देतो, असे वर विनोदाने लिहिले. १०९ चे ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी आहे! फेर्माला भारतीय ग्रंथांची माहिती असल्याचा काहीही पुरावा नाही, आणि तसे सुचविणेही अन्यायाचे होईल. एकाच डोंगरावर दोन बाजूंनी चढणाऱ्या दोघांना एकच कडा आडवा येतो, त्यातला हा प्रकार. आव्हान इंग्लंडात गेले; लॉर्ड ब्राउंकरने रीत शोधून काढली आणि वॉलिसने पुढच्या वर्षी सगळा पत्रव्यवहार छापला. पुढे ऑयलरने अनवधानाने या समीकरणाला पेल नावाच्या भलत्याच इंग्रज गणित्याचे नाव दिले. पेलचा या शोधाशी संबंध नव्हता. तरीही आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत, आपल्याही महाविद्यालयांत, हे समीकरण त्याच्याच नावाने ओळखले जाते. ब्रह्मगुप्त नाही, जयदेव नाही, भास्कर नाही, फेर्माही नाही. नाव लागले ते ज्याने काहीच केले नाही त्याचे. याचा विषाद वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि येथे थोडे थांबून स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे अशा प्रसंगी दोन टोकांच्या प्रतिक्रिया होतात. एक वर्ग म्हणतो, हे सगळे युरोपातून आले, आपल्याकडे काय होते? दुसरा म्हणतो, सगळे आपल्या शास्त्रांत आधीपासूनच होते, नवे ते काय? दुसऱ्या वर्गाचे लोक देवळाच्या सभामंडपात अधिक भेटतात, आणि ते माझे स्नेही असल्यामुळे त्यांच्यासाठीच लिहितो. भास्कराचार्यांनी रीत दिली, उदाहरण दिले, उत्तर दिले. कोणत्याही प्रकृतीसाठी चाक फिरवीत गेल्यास ते हटकून एकावर येऊन थांबेलच, हे मात्र त्यांनी सिद्ध करून दाखविलेले नाही. निदान त्यांच्या ग्रंथात ती सिद्धता नाही. प्रत्येक प्रकृतीला असे उत्तर असलेच पाहिजे, याची पहिली संपूर्ण सिद्धता लाग्रांजने १७६८ च्या सुमारास दिली. आणि चक्रवालाचे चाक नेहमी मुक्कामाला पोहोचते हे म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९–३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले. प्रसिद्ध कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. हे मान्य केल्याने आचार्यांची उंची तसूभरही उणावत नाही. हांकेल या जर्मन इतिहासकाराने १८७४ मध्ये लाग्रांजपूर्वीच्या संख्याशास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्ट म्हणून चक्रवालाचा गौरव केला, तो सिद्धतेची उणीव ठाऊक असूनच. युरोपातील वितत अपूर्णांकांच्या रीतीने एकसष्टाचे उत्तर काढावयाचे तर बावीस पायऱ्या चढाव्या लागतात. आचार्यांच्या वाटेने चाकाचा एक फेरा आणि तीन भावना पुरतात. जे खरोखर आहे ते एवढे मोठे असताना जे नाही ते त्यात कशाला मिसळावे?

लीलावतीच्या विवाहाची, घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त टळल्याची गोष्ट आपल्यातील प्रत्येकाला माहीत आहे. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात कोठेही नाही. अकबराच्या पदरी असलेल्या फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले त्यात ती आढळते. गोष्ट गोड आहे, सांगण्यास हरकत नाही. पण ती येणाऱ्या शंभरांतील एकालाही एकसष्टाचे उदाहरण माहीत नसावे, हे काही बरे लक्षण नव्हे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) चा, छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव असे त्यांनी सांगितले आहे. हे गाव नेमके कोणते, यावर विद्वानांत वाद आहेत. पण त्यांच्या घराण्याचा एक ठिकाणा दगडात कोरलेला आहे, आणि त्याबद्दल वाद नाही. खानदेशात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या कुशीत पाटणे म्हणून उद्ध्वस्त स्थान आहे. आज तेथे देवीच्या दर्शनाला यात्रेकरू जातात. तेथील देवळात एक शिलालेख सापडला. त्यावरून कळते ते असे: भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी पंडित होते, नातू चंगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी. या चंगदेवांनी पाटण येथे एक मठ स्थापिला. ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदिकरून भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या वंशातील इतरांचे ग्रंथ या मठात नियमाने शिकविले जावेत, हा त्याचा उद्देश लेखात स्पष्ट सांगितला आहे. सोईदेव नावाच्या निकुंभ वंशातील मांडलिकाने त्याला उत्पन्न लावून दिले. तिथी शके ११२८ ची श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा पर्वकाळ, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७.

दान ग्रहणकाळी झाले, यात नवल नाही. तो दानाचा पर्वकाळ आहे. पण ज्या घराण्याने ग्रहण घटका-पळांत वर्तविण्याची विद्या जतन केली, त्याच घराण्याच्या पाठशाळेला ग्रहणाच्या मुहूर्तावर उत्पन्न मिळाले, यात मला मोठे औचित्य वाटते.

मठ किती वर्षे चालला हे लेख सांगत नाही. यादवांचे राज्य शंभर-सव्वाशे वर्षांत बुडाले. देऊळ मोडले की मूर्ती डोक्यावर घेऊन नदीपार नेण्याचे प्रसंग आपल्या पूर्वजांवर गोव्यात आले. ग्रंथांची वाट त्याहून अवघड, कारण पोथी नुसती नेऊन भागत नाही, ती समजणारा माणूसही बरोबर जावा लागतो. सुदैवाने अशी माणसे निघाली. गोदातीरी पार्थपूर, म्हणजे आजच्या पाथरीकडे, सूर्यदासाने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. कोकणात समुद्रकाठच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने, ज्याच्या ‘ग्रहलाघवा’वरून आपल्या वाडवडिलांची पंचांगे पिढ्यान्पिढ्या होत असत, त्याने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. विदर्भातून काशीला गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी ‘बीजगणिता’वर टीका केली. शाहजहानच्या काळी, १६३४–३५ मध्ये, अताउल्ला रशीदी याने त्या ग्रंथाचे फारसीत भाषांतर केले; त्या फारसीवरून स्ट्रेचीने १८१३ मध्ये आणि मूळ संस्कृतावरून कोलब्रुकने १८१७ मध्ये इंग्रजी केले. सूर्यदास, गणेश, कृष्ण यांच्यापैकी कोणाही एकाने टाक खाली ठेवला असता तर पुढच्या माणसाचे काम किती कठीण झाले असते, याचा अंदाजच केलेला बरा.

पाटण्याचा तो शिलालेख जगापुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भाऊ मूळचे गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे गावचे. लहानपणी मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाले, आणि रोग्यांना तपासून उरलेल्या वेळात शिलालेख, नाणी, पोथ्या यांच्यामागे हिंडले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांच्या कालनिर्णयावरील त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, त्यात या लेखाची हकीकत आहे. पुढे कीलहॉर्नने त्याचे संपादन केले, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’मुळे आचार्यांच्या घराण्याची माहिती मराठी वाचकांच्या हाती आली.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे: राजांची वंशावळ, पंडितांची स्तुती, बिरुदे. शेवटच्या काही ओळींत मात्र भाषा एकदम बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण उघड आहे. स्तुती विद्वानांनी वाचावयाची होती. देणे कोणी काय द्यावयाचे हे बाजारातल्या माणसाला कळावयास हवे होते. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून सरकारात येणारा कर मठाला दिला आहे, ब्राह्मणांकडील येण्याचा काही भाग दिला आहे, सुपारीचा उल्लेख आहे. आणि तेल्यांकडून घाण्यामागे पळी-पळी तेल.